मीठ ओलं आहे, पास्कू

पास्कू, तुझी शेवटची होडी मी कापली.

आधीच सांगून टाकतो. उद्या तुझ्या महिन्याच्या प्रार्थनेला, मिसेला, अख्खी वाडी जमेल आणि चर्चच्या पायऱ्या उतरताना कोणी ना कोणी तुझ्या कानावर घालीलच, की मास्तराचं डोकं फिरलं, भाऊ जाऊन महिना नाही झाला तर त्याच्याच होडीवर ग्राइंडर चालवला. खरं आहे. तळ जिथे वर वळून मागच्या, इंजिनाच्या फळीला मिळतो, तिथे आता एक भोक आहे. माझं डोकं त्यातून आरपार जातं. मी घालून बघितलं. त्यामुळे 'डोकं फिरलं' या आरोपात थोडं तथ्य असावं.

तुझं वय किती, दुखणं काय, होड्या किती बांधल्यास, यातलं काही मी लिहिणार नाही. ते लोकांचं सांगून झालंय, आणि दर खेपेला होड्यांचा आकडा वाढतोच आहे. पेटीवर माती पडली त्या दिवसापासून तू गावचा निर्दोष कारागीर झालायस. पास्कूच्या हातात दोष नव्हता, असं जो तो म्हणतो. जिवंत होतास तेव्हा हेच लोक तुला किरकिऱ्या म्हणत. तुझ्याकडे होडी सांगायला निघालेल्या माणसाला वाटेत अडवून बजावत, की तो तुला होडी देईल, पण तोवर तू म्हातारा होशील.

मला हे निर्दोषपण मान्य नाही, पास्कू. तुझी एवढी वर्षं दोष शोधण्यात गेली आणि आता तुझ्यातच एकही सापडू नये, हा तुझा अपमान आहे.

आठवतं, मी पहिल्यांदा तुझ्या शेडमध्ये आलो तो दिवस? गोव्याच्या यार्डातून काम शिकून तू नुकताच परत आला होतास आणि मी कट्टा गावच्या शाळेत नुकता लागलो होतो. सुट्टीचे दिवस. उलटी घातलेली एक होडी आणि तू तिच्यावर एक जुनं तांब्याचं नाणं वाजवत चालला होतास. आजोबांनी गोव्याहून आणलेलं, पोर्तुगीज राजाचं डोकं झिजून गुळगुळीत झालेलं. ठण, ठण, ठण. मग एकदम थप. तू थांबलास आणि म्हणालास, "हय मुको आसा."

मराठी शिकवणाऱ्या तरुण मास्तराच्या डोक्यात 'मुका' म्हटल्यावर काय येणार? मी हसलो. तू माझ्याकडे असं बघितलंस, जसं आपले पाद्री मिसेत फोन वाजला की बघतात. मग माझा हात धरून नाणं त्यात दिलंस आणि तीच जागा वाजवायला लावलीस. शेजारी वाजवलं की घंटेसारखा आवाज, तिथे वाजवलं की भिजल्या पोत्यावर चापट मारावी तसा. आत हवा अडकली होती. वरून गुळगुळीत, चकचकीत, निळी. बोट फिरवलं तर काही लागत नव्हतं. पण जागा मुकी होती.

फायबरची होडी म्हणजे काय हे मला तू घावण्यांवर शिकवलंस. काचेच्या धाग्यांची चटई, तिला आपण सगळे मॅट म्हणतो, साच्यात अंथरायची. तिच्यावर मधासारखं घट्ट रेझिन ओतायचं, रोलरने दाबून दाबून आतली हवा हुसकायची. मग पुढची मॅट. एकावर एक, घावण्यांच्या चवडीसारखी. फरक एवढाच, तू म्हणालास, की घावण्याला जाळी पडली तर करणारीण हुशार आणि होडीला जाळी पडली तर करणारा गाढव. ताकद असते ती धाग्यांची. रेझिन नुसतं त्यांना जागेवर धरतं. जिथे हवा राहिली तिथे धाग्याला धरायला कोणी नाही. ओढ बसली तर तो कसाबसा टिकतो, पण दाब आला की वाकतो आणि आपलं ओझं शेजाऱ्यावर टाकतो. शेजारी थकला की त्याच्या शेजाऱ्यावर. पहिल्या दिवशी काही होत नाही. पहिल्या महिन्यातही नाही. लाट तळावर आपटत राहते आणि आतल्या आत एक पापुद्रा दुसऱ्यापासून सुटत जातो. वरचा रंग तसाच. मग एखाद्या दिवशी, किनारा दिसत नाही इतक्या लांब, होडी त्या जागेवर घडी घालते.

हे सगळं समजून मी शहाणा झालो असेन असं कोणाला वाटेल. दुसऱ्याच दिवशी मी बादलीत रेझिन घट्ट करणारं हार्डनर दोनदा घातलं. तू बाहेर होतास आणि मी साच्यापाशी उभा राहून एका गिऱ्हाईकाला आपल्या पेद्रूआजोबांची बैलाची गोष्ट सांगत होतो, त्या नादात. बादली तापली, धूर यायला लागला, मी ती घेऊन पळालो आणि तुझ्या झोपलेल्या कुत्र्यावर पडलो. पुढे वर्षभर ते कुत्रं मला बघून माडाच्या मागे जायचं. तू ओरडला नाहीस. भिंतीवर एक घड्याळ टांगलंस आणि मला सांगितलंस, तू आपलो घड्याळ बघीत रव. रेझिन किती मिनिटांत घट्ट होणार, तेवढं मोजायचं. जवळजवळ तीस वर्षं, सुट्टीच्या दिवशी, तुझ्या कारखान्यात माझा हुद्दा घड्याळ हाच होता.

मधे एकदा मला रोलर मिळाला होता. एक थर मी एकट्याने दाबला आणि होडीचा मालक उभा असताना तू नाणं वाजवलंस. थप. मी म्हटलं, एवढीशीच आहे, जाऊ दे. तू ग्राइंडर उचललास आणि माझा थर मालकासमोर कापून काढलास. माझे कान लाल झाले. मालकाला तू एवढंच म्हणालास, "दुसऱ्यान केला असता तर शिवी घातली असती. भाऊ म्हणान कापतंय."

ते मला लागलं होतं. आज सांगतो. चार रविवार मी आलो नाही आणि तुला सांगितलं की पेपर तपासायचे आहेत. वर्गाची परीक्षाही झालेली नव्हती.

तुझी लेक लीना तिकडे पुण्यात पवनचक्कीची पाती करणाऱ्या कंपनीत इंजिनियर झाली, तेव्हा आपल्या वादाला नवा भिडू मिळाला. तिने सांगितलं की तिच्याकडे नाणं नाही, मशीन आवाज ऐकतं. आणि अगदी शून्य हवा कुठेच नसते, किती टक्के चालेल ते आधी ठरवतात, तेवढी ताकद जास्तीची धरतात. मी लगेच तिच्या बाजूला गेलो. सुशिक्षित माणसं एका बाजूला असावीत असं मला वाटतं. तू माशाचा काटा काढत शांतपणे म्हणालास, "दर्याक टक्के कळनत नाय गो." ती म्हणाली, "टक्के नाय, पण जागा कळता, पप्पा." तू काटा ताटाच्या कडेला ठेवलास. तो वाद तिथेच राहिला. तुला तिचं म्हणणं पटलं होतं असा माझा संशय आहे, पण तू कबूल केलं नाहीस आणि आता करणारही नाहीस.

आणखी एक कबुली. तुझ्या पेटीत वैनीने ते नाणं ठेवलं होतं, तुझ्या खिशात, रोजच्यासारखं. झाकण लावायच्या आधी मी तुझ्या हातातला रोजार, जपमाळ, नीट करायला वाकलो ना, तेव्हा काढून घेतलं. चोरी म्हण. तिकडे तुला वाजवायला काय आहे?

तर गजा होडी न्यायला आला. तोच तुझा शेवटचा गिऱ्हाईक, गणपतीच्या आधीपासून भावाच्या होडीवर खलाशी होऊन जातोय आणि रोज भावजयीचं ऐकतोय. नव्या होडीत त्याच्याबरोबर दोघे जाणार, त्याचा भाचा आणि सासरा. म्हणजे एका घराचे तिघे एका तळावर. तुझी रीत होती, मालकाला शेजारी उभं करून नाळेपासून, म्हणजे पुढच्या टोकापासून, मागच्या फळीपर्यंत होडी वाजवून दाखवायची, मग द्यायची. मला वाटलं, नाणं आपल्याकडे आहे, तुझ्यासाठी एवढं करावं. निव्वळ मान म्हणून. फादर उद्याच्या मिसेनंतर येऊन होडीवर आशीर्वाद देणार हेही ठरलेलं. वैनी ओट्यावर उभी होती. मी वाजवत निघालो आणि होडी अशी वाजत होती, पास्कू, की मला मधेच नाक पुसावं लागलं.

मागच्या वळणाशी आलो. ठण, ठण, थप.

मी पुन्हा वाजवलं. नाणं बाजूला ठेवून बोटाच्या पेराने वाजवलं. माझ्या तळहाताएवढी जागा. गजाने ऐकलं आणि न ऐकल्यासारखं केलं. म्हणाला, "मास्तरांनू, माका होडी व्हयी. देवळातली घंटा नको."

मी लीनाला फोन लावला. तिने किती मोठी आहे हे विचारलंच नाही. पहिला प्रश्न, "काका, खंय आसा?" मी सांगितलं. इंजिनाचा सगळा जोर ज्या वळणावर येतो, तिथे. ती म्हणाली की नाळेजवळ असती तर सुईने रेझिन भरून भागलं असतं; तिथे नाही भागणार. आणि हळूच म्हणाली, मम्मीला एवढ्यात सांगू नको.

पण वैनी तिथेच होती आणि तिचे कान तुझ्या कानांइतकेच तयार आहेत. ती खाली आली आणि होडी आणि मी यांच्यामधे उभी राहिली. या होडीला कोणी हात लावायचा नाही, म्हणाली. त्यांच्या हातचं हे शेवटचं आहे. मी माझी त्या चार रविवारांची जुनी युक्ती केली, गप्प बसलो. गजाला वाटलं मामला मिटला. तो दोरखंड शोधायला लागला.

मग मी म्हटलं, "वैनी, ही होडी गेली तर तिघे जातील तिच्यासोबत. मी कापणार."

ती म्हणाली, "तुका रे काय कळता? तू घड्याळ बघणारो."

खरंच होतं ते, म्हणून जास्त लागलं. मी म्हटलं, घड्याळ बघणाऱ्यालाही कान असतात. आणि मला कारण हवं होतं. तू इतकी वर्षं दमट हवेत एक थर टाकला नाहीस. तुझं हवामानखातं म्हणजे वैनीच्या स्वयंपाकघरातली मिठाची बरणी. सकाळी चिमूट घ्यायची, बोटांत चोळायची. सुटं असलं तर काम. चिकटलं तर मॅटने ओल ओढलेली असणार, रेझिन धाग्याला धरणार नाही, म्हणून दिवसभर शेडला कुलूप, मग दारात गिऱ्हाईक रडो की शिव्या देवो. गजाच्या होडीचा मागचा भाग तू ऑगस्टमधे घातलास, हे मला माहीत होतं. मी घड्याळाशी होतो. पाऊस थांबलेला, पण भिंतींना घाम आला होता. मी तुला विचारलंही होतं. तू म्हणालास, मीठ सुकं आसा.

हे मी वैनीला बोलून दाखवलं. ती होडीच्या काठाला धरून खाली बसली.

"मीठ मीच बदललंय त्या दिवशी," ती म्हणाली. "पुडी फोडून नवीन घातलंय, चुलीवर तापवून. आठ दिस दारात बसान तो आभाळाकडे बघी होतो. जेवी नाय होतो. माका ठावक होता तेका दिस कमी आसत. एक दिस तेका काम करूक मिळांदे, असा वाटला माका."

गजाच्या हातातला दोर खाली पडला.

आता माझी पाळी होती. आपल्या घरात असं कोणी बोलत नाही, आपण जेवायला वाढतो आणि विषय बदलतो. पण मी बोललो. त्या दिवशी तिसरा थर दाबताना तुझा उजवा हात थरथरत होता, पास्कू. रोलर वळणावर पोचायचा आणि घसरायचा. तू डावा हात खाली लावून तो दाबलास. माझ्या लक्षात आलं. मी घड्याळाकडे बघत राहिलो. तू विचारलंस, किती उरली? मी म्हटलं, अजून सहा मिनिटं आहेत. प्रत्यक्षात चारच होती. तुला घाई वाटू नये म्हणून दोन मी पदरची घातली. रेझिन तुझ्या हाताखाली घट्ट होत होतं आणि तुला वाटत होतं अजून वेळ आहे. तीस वर्षांत एकच काम दिलेलं मला.

तुलाही कळलं असणार. मीठ बघताना, रोलर धरताना. आयुष्यभर दुसऱ्याच्या होडीवर नाणं वाजवणारा माणूस त्या जागेवर नाणं घेऊन गेला नाही. पुढे सहा आठवडे होतास, शेड दहा पावलांवर. का नाही गेलास, याचा जाब मला तुझ्याकडून हवा होता. तो राहिला.

वैनी उठली, पदर खोचला. "काप," म्हणाली. "पण माझ्यासमोर काप."

मी कापलं. तुकडा बाहेर आला तेव्हा तिसरा थर दुसऱ्यापासून नखाने सुटला. आत पांढरट, कोरे धागे, रेझिन न प्यायलेले, आणि बांगड्याच्या डोळ्याएवढे बुडबुडे ओळीने, जिथे जिथे रोलर घसरला तिथे. तुझं अक्षर वाचावं तसं ते वाचता येत होतं. वैनीने बोट फिरवलं त्याच्यावरून. गजा म्हणाला, आवाज चांगला खणखणीत येईपर्यंत कापा, मास्तर. म्हणून भोक एवढं मोठं झालं, आणि त्याची कड मी तू शिकवल्यासारखी लांब उतार देऊन घासली. भोकाएवढं ठिगळ दर्जी लावतो. होडीचं ठिगळ भोकापेक्षा पुष्कळ मोठं लागतं, नव्या धाग्यांनी जुन्यांचा हात धरायला जागा पाहिजे. बघ, घड्याळ बघता बघता एवढं ऐकलं होतं मी.

वाडीत बभ्रा झाला. कोणी म्हणालं, गेलेल्या माणसाचं वाईट बोलू नये. मी म्हटलं, वाईट कुठे, होडीचं बोलतोय. फादरनी निरोप पाठवला की उद्या भोकासकट आशीर्वाद देऊन टाकू का. मी कळवलं, एवढ्यात नको, पवित्र पाण्याने मॅट भिजेल. यावर ते हसले असं सांगतात. नसतील हसले तर माझ्या वाटेच्या प्रार्थना वाढल्या असतील.

उद्या मिसेनंतर कोणीतरी उठून बोलणार की तुझ्या हातात दोष नव्हता. मी उठून सांगणार आहे, होता. तळहाताएवढा होता, आणि त्यात पास्कू, वैनी आणि मी, आम्ही तिघेही होतो. तुकडा मी सोबत नेणार आहे. वैनीने तो तुझ्या फोटोशेजारी ठेवलाय आणि हार फोटोला न घालता त्याला घातलाय. लोकांना आवडणार नाही. दुसऱ्याने केला असता तर मी मुकाट्याने रंग लावला असता, पास्कू. भाऊ म्हणान कापलंय.

आज ठिगळ घालायचं ठरलं होतं. मॅट कापून ठेवलीय, प्रत्येक थर आधीच्यापेक्षा मोठा. लीना काल पोचलीय, रोलर तिच्या हातात राहील, घड्याळ माझ्याकडेच, आणि या वेळी मिनिटं खरी सांगणार आहे. गजा सकाळपासून शेडच्या दाराशी उभा आहे. दर्या शांत आहे, बांगडा आलाय, भावजय बोलतेय, आणि काल दुपारी परतीची एक सर येऊन गेलीय. आता ऊन आहे. त्याचं म्हणणं, एवढ्या उन्हात काय थांबायचं.

मिठाची बरणी परत तिच्या जुन्या जागी आहे, खिडकीत, झाकणाशिवाय. पहाटे वैनीने स्वतः चिमूट घेतली, बोटांत चोळली आणि माझ्यासमोर तळहात उघडला. खडा तसाच चिकटून होता.

म्हणून मी इथे तुझ्या खुर्चीत बसून तुला हे लिहितोय. बाहेर गजा माझ्या नावाने काय काय म्हणतोय ते ऐकू येतंय, आणि ते सगळं मी तुझ्या तोंडावर लोकांनी म्हटलेलं आधी ऐकलंय. शेडला कुलूप आहे. किल्ली माझ्या खिशात आहे, नाण्याशेजारी.

आज काम बंद.